वेलांटीबाईंचा स्वतःचा अर्ज

कोर्टाच्या आवारभिंतीला लागून पत्र्याची एक लांबलचक शेड आहे. तिच्यात टायपिंगवाल्यांची अकरा टेबलं आहेत आणि सातव्या टेबलावर वेलांटीबाई बसतात. त्यांचं खरं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या नावानं हाक कुणी मारत नाही. वकिलानं हातानं लिहून आणलेला मसुदा टाइप करताना बाई त्यातले ऱ्हस्व-दीर्घ न विचारता सुधारतात आणि कुणी मागे उभं राहून घाई करू लागलं की म्हणतात, "थांबा, वेलांटी राहिलीय." त्यावरून हे नाव पडलं. बाईंनाही त्याचं काही वाटत नाही. खऱ्या नावापेक्षा हे बरं, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या.

सत्तावीस वर्षं त्या हे काम करत होत्या. आधी खडखडणारं यंत्र होतं, नंतर संगणक आला. भाडेकरार, वारसाहक्काचे दाखले, घटस्फोटाचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं असं सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं होतं. अटकपूर्व जामिनाचा अर्ज तर त्यांना तोंडपाठ होता. अर्जदार निर्दोष आहे, त्याचा गुन्ह्याशी दुरान्वयेही संबंध नाही, त्याला समाजात प्रतिष्ठा आहे, तो पळून जाणार नाही, न्यायालय घालील त्या अटी पाळायला तो तयार आहे. वकिलानं फक्त नाव-गाव आणि गुन्ह्याचा क्रमांक द्यावा, बाकीचं बाई बोलता बोलता टाइप करत. नवे कायदे आले तेव्हा या अर्जाचं कलम चारशे अडतीसचं चारशे ब्याऐंशी झालं. बाईंची बोटं पुढचे दोन महिने जुन्याच आकड्यावर जात होती आणि त्या स्वतःवर चिडत होत्या.

घरी म्हातारी आई होती. लग्न केलं नव्हतं. वडील लवकर गेले, धाकटा भाऊ तेव्हा शाळेत होता, आणि घर चालवण्यात वर्षं कशी निघून गेली ते कळलं नाही, इतकाच त्याचा इतिहास. भावाचं मात्र लग्न झालं, मोडलंही. पंचेचाळिशीला आला तरी तो एका धंद्यात टिकला नव्हता. पाणी शुद्ध करायची यंत्रं विकून झाली, विमा झाला, जुन्या गाड्यांची दलाली झाली. बोलायला गोड होता. समोरच्याला नाही म्हणायची संधीच मिळू नये, अशा बेतानं तो बोलायचा.

असाच तो एका दुपारी टेबलाशी आला, समोरच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "ताई, एक खातं उघडायचंय. तुझ्या नावानं."

"माझं आहे की खातं."

"ते बचतीचं. मला धंद्याचं हवंय. माझं बँकेनं अडकवून ठेवलंय, जुन्या कर्जापायी. तुझ्याकडे दुकानाचा परवाना आहे. तुझ्या टायपिंगच्या नावानं चालू खातं उघडू. माल विकला की पैसे त्यात येतील आणि जातील. तुला काही करायचं नाही."

"कसला माल?"

"ऑनलाइनचं आहे गं. सांगत बसलो तर संध्याकाळ होईल." मग तो हसला. "माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे, ताई."

जणू काही त्याचंच खातं बाई मागत होत्या. बाईंनी सह्या केल्या. बँकेत गेल्या, फोटो दिले, त्यांच्या नावावर एक नवं सिमकार्डही निघालं. ते कार्ड, पासबुक आणि चेकबुक असं सगळं भावानं ठेवून घेतलं. महिन्याभरानं बाईंच्या टेबलावर नवा कोरा प्रिंटर आला. भावानं पाठवला होता. अधूनमधून तो काही बिलं टाइप करायला सांगे. कधी मोबाइलची सुटी अंगं, कधी सल्ल्याची फी. बाई करून देत.

एकदा बँकेतून बाईंच्या जुन्या नंबरवर फोन आला. खात्यात बऱ्याच रकमा येताहेत आणि त्याच दिवशी निघून जाताहेत, हे व्यवहार तुमचेच ना, असं एका मुलीनं विचारलं. बाई एका भाडेकराराच्या मधोमध होत्या. "भावाचा धंदा आहे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. संध्याकाळी भावाला विचारू असं त्यांनी ठरवलं होतं. विचारलं नाही. पुढेही नाही.

चार महिन्यांनी एक हवालदार शेडमध्ये आला. त्याच्या बदलीचे दोन अर्ज बाईंनीच टाइप केले होते, त्यामुळे तो नेहमीसारखा काही काम घेऊन आलाय असं त्यांना वाटलं. त्यानं एक कागद पुढे केला आणि जरा अवघडून म्हणाला, "बाई, हा तुमच्यासाठीच आहे."

सायबर पोलीस ठाण्याची नोटीस होती. चौकशीसाठी हजर राहावं. बाईंनी ती उभ्या उभ्याच वाचली. आडनावात वेलांटी चुकली होती, हे त्यांच्या लक्षात आधी आलं. गुन्हा फसवणुकीचा आहे, हे नंतर.

हकिकत अशी होती. वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेला एक निरीक्षक एकटाच राहत होता. त्याला एक दिवस व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर गणवेशातला माणूस. तुमच्या नावानं आलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला डिजिटल अटक झालेली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. कायद्यात अशी अटक नसतेच, पण ते त्याला कुणी सांगायचं? दोन दिवस तो बिचारा फोनसमोर बसून होता. संडासला जायचं तरी परवानगी मागत होता. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू पकडलेला माणूस, पण गणवेश बघून गळपटला. चौकशीपुरते म्हणून त्यानं साठवलेले सगळे पैसे सांगितलेल्या खात्यात भरले. ते खातं वेलांटीबाईंचं होतं.

बाईंनी भावाला फोन लावला. बंद होता. दुसरा नंबर लावला, तोही बंद. मग त्या टेबल झाकून वकीलबाईंकडे गेल्या. या वकीलबाईंनी नवी सनद घेऊन पहिला अर्ज केला होता तो वेलांटीबाईंकडूनच टाइप करून घेतला होता. आता त्यांच्या हाताखाली तीन जण होते.

"नुसती नोटीस आहे ना?" बाईंनी विचारलं. "मग धरणार नाहीत."

"नोटीस दिली म्हणजे धरणार नाहीतच असं नाही. खातं तुमच्या नावावर, सिम तुमच्या नावावर. भाऊ सापडत नाही तोवर त्यांच्या हाताशी तुम्हीच आहात. अटकपूर्व टाकू. आजच. मजकूर मी सांगायला नको."

"नको."

त्या टेबलाशी परतल्या आणि टाइप करायला बसल्या. नाव, वय, धंदा. धंदा टायपिंग. पहिले पाच परिच्छेद झाले. सहाव्यात 'अर्जदाराच्या कागदपत्रांचा तिच्या अपरोक्ष गैरवापर करण्यात आला' असं यायला हवं होतं. वकीलबाईंनी चिठ्ठीवर तेवढंच लिहून दिलं होतं. बाई बराच वेळ पडद्याकडे बघत बसल्या. शेजारच्या आठव्या टेबलावरचा टायपिस्ट म्हणाला, "लाइट गेली का?" लाइट होती.

संध्याकाळी वकीलबाईंनी अर्ज वाचला आणि चष्मा काढून ठेवला. सहाव्या परिच्छेदात लिहिलं होतं, की खातं अर्जदारानं स्वतःच्या सहीनं भावासाठी उघडलं. पासबुक, चेकबुक व सिमकार्ड स्वखुशीनं त्याच्या ताब्यात दिलं. बँकेनं फोन करून विचारणा केली असता भावाचा धंदा असल्याचं सांगितलं व पुढे भावाकडे चौकशी केली नाही. त्यानं दिलेला एक प्रिंटर अर्जदार वापरत आहे. फसवणुकीची माहिती मात्र अर्जदाराला नव्हती.

"हे काय आहे?"

"झालं ते आहे."

"बाई, हे असं लिहिलंत तर सरकारी वकिलाला तयारीच करायला नको. तुमचाच अर्ज वाचून दाखवेल. उद्या खटल्यात हेच तुमच्या अंगावर येईल."

"बँकेचा तो फोन रेकॉर्ड होतो. सुरुवातीलाच सांगतात तसं."

"म्हणून लिहिलंत?"

"तेवढ्यासाठीच नाही. दुसऱ्यांचं टाइप करते तेव्हा खरं-खोटं त्यांचं असतं. खाली सही त्यांची असते. इथं माझी आहे. अपरोक्ष नव्हतं ते. समोरासमोर होतं."

वकीलबाईंनी अर्धा तास समजावलं. मग वाद सोडून दिला आणि सही केली. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "भावाचं नाव पूर्ण लिहिलंत?"

"माहीत होता त्या पत्त्यासकट."

घरी आईनं विचारलं, "त्याचं नाव घेतलंस?"

"घेतलं."

"मोठी तू आहेस," आई म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. त्या दिवसापासून ती बाईंशी बोलेनाशी झाली. हवं-नको ते समोरच्या भिंतीला सांगायची. "पाणी संपलंय." "औषधाची गोळी एकच उरलीय." बाई ऐकायच्या आणि आणून द्यायच्या. भिंतीला कधी उत्तर मात्र दिलं नाही.

सत्र न्यायालयानं पहिल्याच दिवशी अंतिम निकाल दिला नाही. दोन आठवड्यांसाठी तात्पुरतं संरक्षण दिलं. तोवर अटक करायची नाही आणि बाईंनी रोज अकरा ते दोन पोलीस ठाण्यात हजर राहून तपासात मदत करायची.

सायबर ठाणं एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. भिंतीला लोखंडी कपाट, त्यात पाकिटात घालून चिठ्ठ्या डकवलेले जप्त मोबाइल. काही पाकिटांतून अजून मिणमिणता उजेड दिसायचा. बाईंचा जबाब घेणारा पोलीस दोन बोटांनी टाइप करायचा. बाई समोर बसून बोलायच्या आणि तो एकेक अक्षर शोधायचा. चार दिवस त्या त्याच्या चुका बघत गप्प राहिल्या. पाचव्या दिवशी तोच वैतागून म्हणाला, "बाई, रफार कुठाय हो यात?" बाईंनी सांगितलं. त्यानंतर तो अडला की विचारायचा आणि काम बरंच लवकर उरकायचं.

सहाव्या दिवशी बाईंनी एक पेन ड्राइव्ह नेला. टाइप केलेला कुठलाही कागद त्या पुसत नसत. कोण कधी परत येईल आणि तोच कागद मागेल, सांगता येत नाही. भावासाठी केलेली एकूण एक बिलं त्यांच्या संगणकात तारीखवार पडलेली होती. तपास अधिकाऱ्यानं ती एकेक उघडली. मोबाइलची सुटी अंगं कुठल्याच दुकानात गेलेली नव्हती, फीचे सल्ले कुणी कुणाला दिलेले नव्हते. शेवटी त्यानं विचारलं, "हे तुम्ही टाइप केलंत म्हणजे तुम्हीही यात आलात. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग आणलंत कशाला?"

"तुम्ही मदत करा म्हणून सांगितलंत. कोर्टानंही."

एका बिलावर माल पोचवायचा पत्ता होता, दुसऱ्या शहरातल्या एका भाड्याच्या खोलीचा. बाकी सगळं खोटं असलं तरी तो पत्ता खरा निघाला, कारण त्या खात्याचं नवं एटीएम कार्ड भावानं बँकेकडून तिथंच मागवलेलं होतं. बँकेला पत्त्याचा पुरावा दाखवायलाच तो बिलावर घातलेला.

पोलिसांचं पथक त्या शहराकडे रवाना होण्याआधीच बाईंच्या अर्जावर सुनावणी झाली. सरकारी वकिलानं वकीलबाई म्हणाल्या होत्या तेच केलं. सहावा परिच्छेद मोठ्यानं वाचला आणि म्हणाला, "साहेब, मी वेगळं काय सांगू? अर्जदारानं स्वतःच लिहून दिलंय. असे गुन्हे याच पद्धतीनं होतात. खातं देणारा मिळाल्याशिवाय पैसा हलत नाही. तिला ताब्यात घेऊन विचारपूस व्हायला हवी."

न्यायाधीशांनी तपास अधिकाऱ्याकडे पाहिलं. "ही रोज येत होती?"

"हो, साहेब."

"काय विचारायचं राहिलं?"

"साहेब, सिमकार्ड जप्त करायचंय. आणि मुख्य आरोपी मिळायचाय."

"सिमकार्ड भावाकडे आहे आणि भाऊ हिच्याकडे नाही, असं तुमच्याच अहवालात आहे. त्याचा पत्ताही हिनंच दिलाय. मग ताब्यात घेऊन हिच्याकडून काय काढणार?"

अधिकाऱ्यानं कागद चाळले. न्यायाधीश वकीलबाईंकडे वळले. "हा सहावा परिच्छेद तुमचा?"

"नाही, साहेब. अर्जदारानं स्वतः टाइप केलाय."

बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. न्यायाधीशांनी तिकडे एकदा पाहिलं. निकाल सांगितला. गुन्हा गंभीर आहे. अर्जदाराचा दोष किती, निष्काळजीपणा किती आणि सामील असणं किती, हे खटल्यात ठरेल. आज प्रश्न एवढाच, की तपासाला तिच्या अटकेची गरज आहे का. ती दिसत नाही. जामीन मंजूर. अटी चार. बोलावलं की हजर राहायचं, परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही, सहआरोपींशी संपर्क ठेवायचा नाही, फिर्यादी व साक्षीदारांशी कोणत्याही प्रकारे बोलायचं नाही.

आठवड्याभरानं भाऊ त्या खोलीत सापडला. आणखी दोघं होते, आणि पंचवीस-तीस पासबुकं, सगळी दुसऱ्यांच्या नावांची. पोलिसांना त्यानं सांगितलं, ताईला पहिल्यापासून सगळं माहीत होतं. आरोपपत्रात तो आरोपी क्रमांक एक झाला, त्याचा साथीदार दोन आणि बाई तीन. दुसरा साथीदार माफीचा साक्षीदार व्हायला तयार झाला होता.

संपर्काची मनाई असल्यामुळे बाई भावाला तुरुंगात भेटायला गेल्या नाहीत. आई गेली, शेजारणीला बरोबर घेऊन. दुपारी परत आली, चपला काढल्या, खुर्चीवर बसली आणि बाईंकडे बघून म्हणाली, "बारीक झालाय."

दोन महिन्यांत तिनं थेट बाईंना सांगितलेलं ते पहिलं वाक्य. बाई म्हणाल्या, "जेवलीस का?" आईनं नाही म्हणून मान हलवली. त्यांनी तिला ताट वाढून दिलं.

शेडमधलं काम कमी झालं होतं. काही वकील आता सहाव्या किंवा आठव्या टेबलावर जात. बाई प्रिंटर पोलिसांकडे जमा करून आल्या होत्या आणि जुना, कागद अडकवणारा प्रिंटर पुन्हा काढून बसल्या होत्या. वकीलबाई मात्र येत राहिल्या.

अशाच एका सकाळी एक म्हातारा गृहस्थ शेडच्या टोकापासून एकेक टेबल बघत आला. बाकीच्या टेबलांशी गर्दी होती. सातव्याशी खुर्ची मोकळी होती, म्हणून तो तिथं बसला. पिशवीतून त्यानं हातानं लिहिलेले दोन कागद काढले. अक्षर मोत्यासारखं होतं, दोन ओळींमधलं अंतर पट्टीनं आखल्यासारखं.

"अर्ज टाइप करायचाय. पोलिसांनी गोठवलेली रक्कम परत मिळावी म्हणून."

बाईंनी कागद घेतले. गुन्हा क्रमांक वाचला. मग अर्जदाराचं नाव वाचलं. कागद टेबलावर त्याच्याकडे तोंड करून ठेवले आणि त्या उभ्या राहिल्या.

"मला हे करता येणार नाही."

"का? वेळ नाही?"

"मला तुमच्याशी बोलायची परवानगी नाही. या गुन्ह्यातली तिसरी आरोपी मी आहे."

त्या निवृत्त निरीक्षकाला आधी नीट समजलं नाही. मग त्यानं बाईंकडे, संगणकाकडे, तारेनं बांधलेल्या जुन्या प्रिंटरकडे पाहिलं. दोन्ही कागद उचलून त्यानं एकावर एक नीट ठेवले.

"खातं तुमचं होतं," तो म्हणाला.

बाईंनी आठव्या टेबलाकडे हात केला. "तिकडे जा. ते करून देतील. कृपा करून उठा."

तो उठला. आठव्या टेबलाचा टायपिस्ट टाइप करत असताना निरीक्षक एकदाही मागे वळला नाही. बाईंनी आपल्या पडद्याकडे तोंड केलं. शेजारी 'फिर्यादी' या शब्दातला 'दी' ऱ्हस्व पडत होता, हे त्यांना कीबोर्डच्या आवाजावरूनही सांगता आलं असतं. त्या काही बोलल्या नाहीत.

तो गेल्यावर त्या वकीलबाईंकडे गेल्या आणि झालं ते सांगितलं.

"कुणी पाहिलं?"

"शेडभर लोक होते."

"मग आपणच कोर्टाला कळवू. नंतर कुणी वेडंवाकडं सांगितलं, तर जामीन जायची वेळ येईल."

बाईंनी पाच ओळींचं निवेदन टाइप केलं. पुढच्या तारखेला ते न्यायाधीशांपुढे गेलं. निरीक्षक रकमेच्या अर्जासाठी तिथंच हजर होता. न्यायाधीशांनी त्याला पुढे बोलावलं आणि विचारलं, आरोपीनं तुमच्याशी संपर्क साधला, अशी तुमची काही तक्रार आहे का.

"नाही," तो म्हणाला. "मीच गेलो होतो, न कळून. तिनं मला उठवलं."

"आणखी काही बोलणं झालं?"

निरीक्षकानं आठवून पाहिलं. नोंदीत चूक राहू नये, अशा बेतानं तो हळूहळू म्हणाला, "मी एक वाक्य बोललो. तिनं त्याला उत्तर दिलं नाही. बाजूच्या टेबलावर जा म्हणाली."

ते तसंच लिहून घेतलं गेलं. त्याच्या अर्जावर गोठवलेली रक्कम सोडायचा हुकूम झाला. ती गेलेल्या पैशांच्या निम्म्याहून कमी होती. उरलेले पैसे कुठे गेले, ते अजून सापडलेलं नाही.

खटला सुरू व्हायचा आहे. वकीलबाईंना कधी वाटतं, सहाव्या परिच्छेदामुळे बाईंना थोडी शिक्षा होईल. कधी वाटतं, त्याच परिच्छेदामुळे सुटतील. तारीख असली की बाई टेबलावर प्लास्टिकचं झाकण घालतात, मागच्या बाकावर जाऊन बसतात आणि पुकारा झाला की उभ्या राहतात. पुढची तारीख मिळाली की ती चिठ्ठीवर लिहून घेतात आणि घरी आईला सांगतात, कारण भावाचीही तारीख तीच असते.